जुनाट दुखण्यावरच्या औषधाची चाचणी: पहिल्यांदाच हात घालणाऱ्यांसाठी

रक्तदाबाच्या औषधाची चाचणी करताना यंत्र आकडा देतं, मधुमेहाच्या औषधाची करताना प्रयोगशाळा. दुखण्याच्या चाचणीत रुग्ण तोंडाने जो आकडा सांगतो तोच सगळा डेटा असतो. त्यामुळे तो आकडा कोणी विचारला, कोणत्या शब्दांत विचारला, शेजारी कोण बसलं होतं, या गोष्टी इथे यंत्राच्या कॅलिब्रेशनइतक्या महत्त्वाच्या ठरतात. पहिलीच चाचणी करणाऱ्यांचा वेळ बहुधा औषध, डोस आणि फॉर्म यांत जातो. चाचणी मात्र फसते ती त्या आकड्यापाशी.

हा लेख एम.डी.चे निवासी डॉक्टर, फिजिओथेरपीचे पदव्युत्तर विद्यार्थी आणि नव्याने रुजू झालेले स्टडी कोऑर्डिनेटर यांच्यासाठी आहे. बोलणं हवेत राहू नये म्हणून एक उदाहरण धरू: गुडघ्याची झीज, म्हणजे ऑस्टिओआर्थ्रायटिस, असलेले रुग्ण, एका गटाला ड्युलोक्सेटीन (नैराश्यावरचं, पण जुनाट दुखण्यावरही वापरलं जाणारं औषध) ६० मिलिग्रॅम, दुसऱ्याला दिसायला हुबेहूब तशीच पण औषध नसलेली कॅप्सूल, म्हणजे प्लासिबो, कालावधी १२ आठवडे.

पायरी १: प्रश्न एका वाक्यात बसवा

तीन महिन्यांपेक्षा जास्त काळ टिकलेलं किंवा पुन्हा पुन्हा उद्भवणारं दुखणं म्हणजे जुनाट दुखणं, अशी व्याख्या आयसीडी-११ या जागतिक वर्गीकरणात आहे. पण निवडीसाठी ती पुरत नाही. झिजलेला सांधा, मधुमेहाने खराब झालेल्या नसा आणि फायब्रोमायाल्जिया, म्हणजे अंगभर दुखण्याचा आजार, यांत दुखण्याची यंत्रणाच वेगळी असते. हे रुग्ण एकत्र केले की औषध कोणाला लागू पडलं ते कळायचा मार्ग उरत नाही. गुडघ्याच्या रुग्णाला तळपायाची आगही होत असेल, तर डीएन-४ ही दहा मुद्द्यांची छोटी तपासणी करा. त्यात ४ किंवा जास्त गुण आले तर दुखण्यात नसांचा भाग असण्याची दाट शक्यता असते.

दोन्ही गुडघे दुखणाऱ्यांत जास्त दुखणारा गुडघा पहिल्याच दिवशी ठरवून फाइलवर 'उजवा' किंवा 'डावा' असं लिहा आणि शेवटपर्यंत त्याच गुडघ्याबद्दल विचारा. हे राहून गेलं तर आठव्या आठवड्यात रुग्ण त्या दिवशी जो गुडघा बोलत असेल त्याचा आकडा सांगतो.

मुख्य निष्कर्ष एकच आणि त्याची वेळही एकच असावी. आपल्या उदाहरणात: १२व्या आठवड्यातल्या सात दिवसांच्या रोजच्या सरासरी दुखण्याचा ० ते १० मधला आकडा. बाकी सगळं दुय्यम. पण दुय्यम म्हणून वगळू मात्र नका. २००५ मध्ये इम्पॅक्ट या तज्ज्ञगटाने दुखण्याच्या चाचण्यांसाठी मोजमापांची जी शिफारस केली, तिच्यात दुखण्याची तीव्रता, हालचाल व रोजची कामं, मनाची अवस्था, एकूण फरकाबद्दल रुग्णाचं स्वतःचं मत, दुष्परिणाम आणि कोण कधी व का बाहेर पडलं याचा हिशेब, अशी सहा अंगं आहेत. नवख्यांच्या प्रबंधात सहावं अंग हमखास गायब असतं.

पायरी २: किती रुग्ण? '३० आणि ३०' ही सवय सोडा

दर गटात ३० रुग्ण ही प्रबंधांत मुरलेली संख्या आहे. तिच्यामागे गणित नसतं, तीन वर्षांचा अभ्यासक्रम असतो. गणित असं:

दर गटातले रुग्ण = १५.६८ × (प्रमाण विचलन)² ÷ (पकडायचा फरक)²

यात प्रमाण विचलन म्हणजे रुग्णांचे आकडे सरासरीभोवती किती पसरलेत ते. १५.६८ हा आकडा ५ टक्के सार्थकता पातळी (नसलेला फरक आहे म्हणण्याचा धोका) आणि ८० टक्के शक्ती (असलेला फरक सापडण्याची शक्यता) धरून येतो. ० ते १० च्या मापावर प्रमाण विचलन २.२ धरलं आणि गटांमध्ये १ गुणाचा फरक पकडायचा असेल, तर १५.६८ × ४.८४ ÷ १ = ७६ रुग्ण. मधेच सुटणारे २० टक्के धरले तर ७६ ÷ ०.८ = ९५. दोन गटांचे मिळून १९०.

३० रुग्णांच्या गटात हेच गणित उलटं चालवलं, तर १.६ गुणांहून कमी फरक हातात येत नाही. या प्रकारच्या औषधांचा प्लासिबोवरचा सरासरी फायदा साधारण १ गुण किंवा त्याहून कमीच असतो. म्हणजे औषध काम करत असलं तरी '३० आणि ३०'ची चाचणी बहुधा 'फरक नाही' असंच सांगणार.

संख्या कमी करायचा प्रामाणिक मार्ग आहे: सुरुवातीचा आकडा हिशेबात घेऊन विश्लेषण करणं, म्हणजे अँकोव्हा. सुरुवातीचा आणि शेवटचा आकडा यांचा सहसंबंध ०.५ असेल, तर लागणारे रुग्ण ०.७५ पट होतात. ७६ चे ५७, आणि गळती धरून ७२. हे प्रोटोकॉलमध्ये, म्हणजे चाचणीच्या लेखी आराखड्यात, आधी लिहिलेलं हवं, नंतर सुचून चालत नाही.

आता एवढे रुग्ण मिळतील का? 'आपल्या ओपीडीत गुडघेदुखीचे ढीगभर येतात' यावर विसंबू नका. चार आठवडे एक साधी वही ठेवा आणि येणाऱ्या प्रत्येक रुग्णाला निकष लावून पाहा. वय, किडनी, यकृत, आधीची औषधं, गावाचं अंतर. जो आकडा येईल त्याच्या निम्मे संमती देतील असं धरूनच वेळापत्रक आखा. चाचणी सुरू झाली की रुग्ण आटतात आणि संपली की पुन्हा उगवतात, हा अनुभव इतका जुना आहे की औषधशास्त्रज्ञ लुई लसान्या यांच्या नावाने तो 'नियम' म्हणून ओळखला जातो.

पायरी ३: परवानग्या, आणि त्यांचा क्रम

भारतात १९ मार्च २०१९ पासून नवीन औषधे आणि क्लिनिकल चाचण्या नियम लागू आहेत. पहिला प्रश्न असा: तुमचं औषध तुम्ही ज्या आजारासाठी, ज्या डोसात आणि ज्या मार्गाने देणार आहात, त्यासाठी ते भारतात मंजूर आहे का? बाजारात मिळतं म्हणजे याही कारणासाठी मंजूर आहे, असं होत नाही. मंजूर औषध नव्या कारणासाठी, केवळ ज्ञानासाठी, बाजारपेठेत उतरवण्याचा हेतू न ठेवता तपासायचं असेल तर ती 'शैक्षणिक चाचणी' ठरते आणि नैतिकता समितीची मंजुरी हा तिचा मुख्य आधार असतो. आपली चाचणी नियामक चाचणीच्या (औषधाला सरकारी मंजुरी मिळवण्यासाठी केलेल्या चाचणीच्या) हद्दीत शिरते की काय अशी शंका आली, तर समिती केंद्रीय परवाना प्राधिकरणाला कळवते आणि ३० दिवस वाट पाहते. उत्पादक कंपनी नव्या रेणूची चाचणी करत असेल तर मार्ग वेगळा आणि बराच लांब.

समिती नोंदणीकृत आहे का, आणि कशासाठी, तेही पाहा. औषधांच्या चाचण्यांसाठी केंद्रीय परवाना प्राधिकरणाची नोंदणी लागते; व्यायाम, टेप किंवा समुपदेशन अशा औषधाविना केलेल्या संशोधनासाठी आरोग्य संशोधन विभागाची. कॉलेजच्या समितीकडे एकच असू शकते.

मंजुरी हाती आली की क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री ऑफ इंडिया, म्हणजे सीटीआरआय. ही नोंदवही २००७ पासून चालू आहे, शुल्क नाही. १ एप्रिल २०१८ पासून तिथे पहिला रुग्ण घेण्याआधीच नोंदणी करावी लागते. नंतर स्वीकारत नाहीत. नोंदणी अधिकारी शंका काढून अर्ज परत पाठवतात, तेव्हा पहिल्या रुग्णाच्या तारखेआधी काही आठवडे हातात ठेवा. नोंदणी क्रमांक नसलेली चाचणी पुढे चांगली नियतकालिकं छापत नाहीत, आणि तो दोष दुरुस्त करता येत नाही.

पायरी ४: दुखणं मराठीत विचारायचं

इथे सर्वांत जास्त वेळ द्या.

आकड्याच्या मापात ० म्हणजे अजिबात दुखत नाही आणि १० म्हणजे कल्पना करता येईल असं सर्वांत वाईट दुखणं. सोपं वाटतं, पण तीन गोंधळ ठरलेले. पहिला परीक्षेच्या गुणांचा: 'दहापैकी किती' म्हटलं की जास्त म्हणजे चांगलं असा अर्थ लागतो. रुग्ण आनंदाने 'आठ' म्हणतो आणि त्याला बरं वाटलेलं असतं. दुसरा, दुखणं आणि आराम यांची अदलाबदल. आपल्याकडे 'आठ आणे फरक आहे', 'बारा आणे बरं वाटलं' असं बोलायची पद्धत आहे, नाहीतर 'साठ टक्के'. हा आराम झाला. बारा आणे आराम म्हणजे दुखणं २.५ असं घरबसल्या गणित मांडून फॉर्ममध्ये लिहिणं ही चूक आहे. आण्यांची भाषा ऐकली की ती तशीच शेऱ्यात लिहा आणि आकडा पुन्हा विचारा. तिसरा गोंधळ काळाचा. 'आत्ता' की 'काल दिवसभरात' की 'गेल्या आठवड्यात'? ओपीडीत तीन तास बाकावर बसलेल्या माणसाचं 'आत्ता' हे त्याच्या आठवड्याचं चित्र नव्हे. प्रश्नात काळ स्पष्ट हवा: "गेल्या चोवीस तासांत तुमचा उजवा गुडघा सरासरी किती दुखला? शून्य म्हणजे अजिबात नाही, दहा म्हणजे याहून वाईट दुखणं असूच शकत नाही."

पहिल्या भेटीत सराव करून घ्या. विंचू चावणं, बाळंतपणाच्या कळा, दाढेचा ठणका, डास चावणं, अशा चारपाच ओळखीच्या गोष्टींना रुग्णाला आकडे द्यायला सांगा. डासाला नऊ आणि विंचवाला दोन मिळाले तर माप उलटं समजलंय. दहा मिनिटांचा हा खेळ नंतरचे बारा आठवडे वाचवतो.

वाक्याच्या शेवटच्या 'ना'पासून सावध राहा. "आता कमी आहे ना?" याला आपल्याकडचा भिडस्त माणूस 'हो'च म्हणतो. डॉक्टरांना वाईट वाटू नये म्हणून दोन आकडे कमी सांगणारे रुग्ण भरपूर आहेत. उलट औषध बंद करतील या भीतीने वाढवून सांगणारेही. म्हणून उपचार करणाऱ्या डॉक्टरने आकडा विचारूच नये. विचारणारी व्यक्ती दर भेटीला एकच असावी आणि प्रश्न छापील कागदावरून, शब्द न बदलता वाचावा. सोबत आलेल्या मुलाला, सुनेला किंवा नवऱ्याला त्या वेळी बाहेर बसवा. "अहो, तिला सहाच लिहा, उगाच वाढवून सांगते" हे वाक्य उच्चारलं गेलं की त्या भेटीचा आकडा गेला.

दुखण्याचा प्रकार रुग्णाच्या शब्दांतच टिपा. ठणका, कळ, चमक, शिणका, ठसठस, आग, मुंग्या, सुया टोचणं, अवघडणं, भरून येणं या शब्दांत निदानाच्या खुणा असतात. आग, मुंग्या, विजेचा झटका आणि बधिरपणा एकत्र आले की नसांकडे पाहा. सगळ्यांना 'वेदना' या एकाच शब्दात कोंबलं की ही माहिती पुसली जाते. शिवाय 'वेदना' हा शब्द ओपीडीत फारसं कोणी बोलत नाही. माणसं 'दुखतंय' म्हणतात, प्रश्नावलीतही तेच असावं.

तयार प्रश्नावल्या वापरताना दोन गोष्टी. गुडघ्यासाठीच्या वोमॅकमध्ये २४ प्रश्न आहेत: दुखण्याचे ५, ताठरपणाचे २, कामाचे १७. अशा अनेक प्रश्नावल्यांना हक्कधारकाची लेखी परवानगी लागते. ती प्रोटोकॉल लिहितानाच मागवा. आणि प्रमाणित मराठी आवृत्ती आहे का ते शोधा. नसेल तर दोघांनी स्वतंत्रपणे मराठीत भाषांतर करायचं, दोन्ही जुळवून एक मसुदा करायचा, मूळ न पाहिलेल्या तिसऱ्याने तो परत इंग्रजीत न्यायचा, फरक मिटवायचे आणि मग काही रुग्णांना वाचायला देऊन प्रत्येक प्रश्न त्यांना काय समजला ते त्यांच्या शब्दांत सांगायला लावायचं. बाथटबमध्ये उतरण्याचा प्रश्न सोलापूर जिल्ह्यातल्या शेतकरी बाईला विचारण्यात अर्थ नाही. पण तो स्वतःच्या मर्जीने खोडून 'उकिडवं बसणं' घालणंही चालत नाही. गुणांची बेरीज बिघडते. मांडी घालणं, उकिडवं बसणं, भारतीय पद्धतीचा संडास यांचे प्रश्न वेगळे, जोडपत्रात विचारा.

मनाच्या अवस्थेसाठी पीएचक्यू-९ ही नैराश्य मोजणारी नऊ प्रश्नांची प्रश्नावली सोयीची. तिचा नववा प्रश्न जिवाचं बरंवाईट करण्याच्या विचाराबद्दल आहे. त्याला शून्याशिवाय कोणतंही उत्तर आलं, तर त्याच दिवशी, रुग्ण घरी जाण्याआधी डॉक्टरने बोलायचं, हे आधीच लिहून ठेवा. फॉर्म गठ्ठ्यात जाऊन महिन्याने संगणकात भरताना ते उत्तर दिसणं अक्षम्य आहे. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक प्रत्येक रुग्णाच्या कार्डावर छापा.

पायरी ५: संमती

पहिली चाचणी करणाऱ्यांची नेहमीची चूक तारखेची: रक्ततपासणी सोमवारी, संमतीपत्रावर सही बुधवारी. चाचणीसाठी म्हणून काहीही करायच्या आधी सही हवी. रक्त काढणं, उपाशी बोलावणं, आधीची गोळी थांबवायला सांगणं, सगळं त्यानंतर.

'यादृच्छिक वाटप' असं लिहिलेलं संमतीपत्र समितीला आवडतं, रुग्णाला कळत नाही. 'चिठ्ठी टाकून ठरेल' असं लिहा. 'लॉटरी' टाळा, लॉटरीत बक्षीस असतं. प्लासिबोला 'औषध नसलेली, पण दिसायला अगदी तशीच गोळी' म्हणा. "तुम्हाला कोणती मिळाली हे तुम्हालाही माहीत नसेल आणि आम्हालाही" हे तोंडाने सांगा. आपल्याकडचा सर्वांत चिवट गैरसमज म्हणजे 'डॉक्टर माझ्यासाठी चांगली तीच निवडतील'. तो मोडायला वेळ लागतो.

समजलं का, असं विचारून उपयोग नाही, मान डोलतेच. त्याऐवजी चार प्रश्न विचारा: कोणती गोळी मिळेल हे कोण ठरवतं? मधेच सोडायचं असेल तर काय करायचं? सोडल्यावर इथले उपचार बंद होतील का? त्रास झाला तर कोणाला फोन करायचा? उत्तरं चुकली तर पुन्हा समजवा.

वाचता न येणाऱ्या रुग्णाच्या वेळी निःपक्ष साक्षीदार हवा आणि तो तुमच्या टीममधला नसावा. अंगठा रुग्णाचा, सही व तारीख साक्षीदाराची. सह्या झालेली प्रत रुग्णाला द्यायचीच. नव्या रेणूच्या चाचणीत असुरक्षित गटातल्या व्यक्तींची संमती घेताना ऑडिओ-व्हिडिओ चित्रणही बंधनकारक आहे.

पायरी ६: निवड आणि पहिले सात दिवस

निकष: वय ५० च्या वर, गुडघेदुखी आणि झिजेच्या नेहमीच्या खुणा (सकाळचा ताठरपणा ३० मिनिटांपेक्षा कमी, हलवताना करकर, हाड दाबल्यावर दुखणं), क्ष-किरणावर केलग्रेन-लॉरेन्स श्रेणी (झीज किती हे सांगणारी ० ते ४ ची श्रेणी) २ किंवा ३. ड्युलोक्सेटीनमुळे वगळायचे ते: यकृताचा आजार किंवा रोजचं मद्यपान, क्रिएटिनिन क्लिअरन्स (किडनीच्या कामाचं माप) ३० पेक्षा कमी, ताब्यात नसलेली काचबिंदूची अरुंद कोनाची जात, अनियंत्रित रक्तदाब, ट्रामाडॉल किंवा नैराश्याच्या इतर गोळ्या चालू असणं. वयस्कर रुग्ण लघवी वाढवणाऱ्या गोळ्या घेत असेल तर सोडियम तपासल्याशिवाय पुढे जाऊ नका.

औषधांचा इतिहास घेताना 'इतर काही औषधं?' या प्रश्नाला उत्तर 'नाही' असंच येतं. सुटं सुटं विचारा: पुडी घेता का? काढा? गावातल्या डॉक्टरांचं इंजेक्शन? लेप, मालिशचं तेल, पट्टा? बिनानावाच्या पुड्यांत स्टेरॉइड किंवा वेदनाशामक मिसळलेलं असू शकतं, आणि अशा पुडीवर असलेला रुग्ण कोणत्याही गटात 'बरा' होतो.

मग सात दिवसांची रोजची नोंद आणि तिची सरासरी. प्रवेशाची अट ४ असेल तर ती भिंतीवर, जाहिरातीत, संमतीपत्रात कुठेही दिसता कामा नये. चार हवेत हे कळलं की तीनवाले पाच सांगतात. औषध सुरू झाल्यावर ते परत तीनवर येतात आणि दोन्ही गटांत 'सुधारणा' दिसते. कोऑर्डिनेटरवर भरतीचा दबाव असेल तर तोही नकळत हातभार लावतो. शक्य असेल तर अटीचा आकडा त्याच्यापासूनही झाकून ठेवा आणि पात्रता दुसऱ्या व्यक्तीने तपासावी.

यात एक नैसर्गिक चढउतारही मिसळलेला असतो. माणूस दवाखान्यात येतो तो दुखणं शिगेला पोहोचल्यावर. काही न करताही पुढच्या महिन्यात ते थोडं उतरतंच. नियंत्रण गटाविना केलेल्या चाचण्यांत सगळेच उपचार गुणकारी ठरतात, त्याचं एक कारण हे.

पायरी ७: चिठ्ठ्या आणि झाकपाक

वाटपाची यादी चाचणीशी संबंध नसलेल्या व्यक्तीने संगणकावर करावी. ४ आणि ६ रुग्णांचे ब्लॉक (ज्यांत दोन्ही उपचारांच्या चिठ्ठ्या निम्म्या-निम्म्या असतात) उलटसुलट मिसळून, म्हणजे पुढची चिठ्ठी ओळखता येणार नाही. सगळे ब्लॉक ४ चेच ठेवले तर तीन रुग्णांनंतर चौथा कुठे जाणार याचा अंदाज लागतो. पाकिटं अपारदर्शक, क्रमांकित, आत अॅल्युमिनियमचा कागद. पाकिटावर रुग्णाचं नाव आणि तारीख लिहूनच ते फोडायचं, आधी फोडून पाहायचं नाही.

कॅप्सूलचा रंग, वजन, वास जुळतो का ते स्वतः पाहा. ड्युलोक्सेटीनच्या कॅप्सूलमधले दाणे आम्लापासून जपण्यासाठी लेपित असतात, म्हणून कॅप्सूल फोडून, चावून घ्यायची नाही. हे रुग्णालाही सांगा.

दुष्परिणामांमुळे झाकण, म्हणजे कोणाला कोणती गोळी मिळाली हे गुपित, उघडतं, हे मात्र पूर्ण टाळता येत नाही. मळमळ सुरू झाली की रुग्ण ओळखतो: खरी गोळी आहे. दुखण्यावरच्याच इतर औषधांपैकी अमिट्रिप्टिलीनच्या चाचणीत कोरडं तोंड तेच करतं, प्रेगॅबॅलिनमध्ये गरगरणं. तेव्हा बारा आठवड्यांच्या शेवटी दोघांना, रुग्णाला आणि आकडा विचारणाऱ्याला, 'कोणता गट वाटतो आणि का?' हे विचारून नोंदवा.

झाकण इतकं का जपायचं? सुझेट्रिजीन या नव्या वेदनाशामकाला अमेरिकेत जानेवारी २०२५ मध्ये तीव्र, तात्कालिक दुखण्यासाठी मंजुरी मिळाली. त्याआधी, डिसेंबर २०२४ मध्ये, कमरेतून पायात उतरणाऱ्या जुनाट कळेवरच्या त्याच्या दुसऱ्या टप्प्यातल्या चाचणीचे आकडे जाहीर झाले होते: औषधाच्या गटात दुखणं २.०२ गुणांनी कमी झालं आणि प्लासिबोच्या गटात १.९८ नी. शस्त्रक्रियेलाही हे चुकत नाही. २००२ मध्ये ह्यूस्टनला १८० रुग्णांवर झालेल्या चाचणीत गुडघ्याची दुर्बिणीतून केलेली सफाई आणि नुसते छेद घेऊन टाके घातलेली लटकी शस्त्रक्रिया, यांत दुखण्याचा फरक दिसला नाही.

पायरी ८: बारा आठवडे

वेळापत्रक: पहिले ७ दिवस ३० मिलिग्रॅम, जेवणानंतर, मग ६०. भेटी ०, १, २, ४, ८ आणि १२व्या आठवड्यात. दर भेटीला रक्तदाब, उरलेल्या कॅप्सूलची मोजणी आणि दुष्परिणाम. एका महिन्याला २८ अधिक ४ जादा कॅप्सूल द्या. सगळ्या ३२ संपलेल्या दिसल्या तर कुणीतरी दुसऱ्याने खाल्ल्या किंवा डब्यातून काढून टाकल्या. घरात दुसरंही गुडघेदुखीचं माणूस असतंच, त्याला 'चांगली गोळी' वाटून दिली जाते. स्पष्ट विचारा, रागावू नका.

जादा दुखलं तर पॅरासिटामॉल ५०० मिलिग्रॅम, प्रोटोकॉलमध्ये दिवसाची मर्यादा ठरवून, समजा २ ग्रॅम. किती गोळ्या लागल्या हाही डेटा आहे. आकडा समान पण एका गटाने दुप्पट पॅरासिटामॉल खाल्लं, तर गट समान नाहीत. भेटीच्या आधीचे २४ तास ती घ्यायची नाही. डायक्लोफिनॅक वा तत्सम गोळ्या ड्युलोक्सेटीनबरोबर रक्तस्रावाचा धोका वाढवतात, म्हणून त्या बंद.

रोजची नोंद कागदी डायरीवर सोपवू नका. २००२ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आलेल्या अभ्यासात जुनाट दुखण्याच्या रुग्णांच्या कागदी डायऱ्यांत गुपचूप प्रकाश ओळखणारा सेन्सर बसवला होता. रुग्णांच्या नोंदींनुसार ९० टक्के नोंदी वेळेवर, सेन्सरनुसार ११ टक्के. बाकीच्या ठरलेल्या वेळी भरलेल्याच नव्हत्या. इलेक्ट्रॉनिक डायरीत हे प्रमाण ९४ टक्के होतं. पैसे नसतील तर रोज संध्याकाळी ७ ते ९ च्या दरम्यान फोन करा आणि आकड्यासोबत फोनची वेळ लिहा. फोन कुटुंबात एकच असेल तर तो त्या वेळी कोणाच्या हातात असतो ते पहिल्याच भेटीत विचारून घ्या. सगळ्या रुग्णांचा व्हॉट्सअॅप ग्रुप कधीही करू नका. गोपनीयता तर जातेच, शिवाय कोणाला फरक पडला याची चर्चा सुरू होते.

महाराष्ट्रात भेटींचं कॅलेंडर लावताना शेतीचं आणि सणांचं कॅलेंडर शेजारी ठेवा. पेरणी, आषाढी वारी, गणपती, दिवाळी. ऊसतोडीला जाणारी कुटुंबं दिवाळीच्या सुमारास गाव सोडतात ती उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. सप्टेंबरअखेर घेतलेला असा रुग्ण १२व्या आठवड्याला तुमच्याकडे नसेल. वारीत अठरा-वीस दिवस चाललेल्या गुडघ्याचा आकडा औषधाबद्दल काही सांगत नाही. उपवासाच्या दिवशी उपाशीपोटी गोळी घेतली की मळमळ वाढते, हेही बजावा. प्रवासखर्च आणि बुडालेल्या दिवसाची भरपाई समितीच्या मंजुरीने ठरवा आणि त्याच दिवशी द्या.

पायरी ९: काही बिघडलं तर

मृत्यू, जिवाला धोका, दाखल व्हावं लागणं किंवा मुक्काम वाढणं, कायमचं अपंगत्व, जन्मजात दोष: यांतलं काहीही घडलं की ती गंभीर प्रतिकूल घटना, मग ती औषधामुळे असो वा नसो. नियामक चाचणीत अन्वेषकाने (चाचणी करणाऱ्या प्रमुख डॉक्टरने) घटनेपासून २४ तासांत प्राधिकरण, प्रायोजक आणि नैतिकता समितीला कळवायचं; उशीर झाला तर कारणासह. सविस्तर अहवाल १४ दिवसांत. गरगरून पडलेली आजी शेजारच्या तालुक्यात दाखल होते आणि तुम्हाला पुढच्या भेटीला कळतं, हा नेहमीचा प्रकार. उपाय म्हणजे खिशात बसेल असं लॅमिनेट केलेलं कार्ड, त्यावर मराठीत 'ही व्यक्ती औषधाच्या चाचणीत आहे' ही ओळ आणि चोवीस तास उचलला जाणारा फोन. घरच्या एकाला ते कार्ड दाखवून ठेवा.

पायरी १०: सोडून गेलेले, आणि हिशेब

गोळी सोडणं म्हणजे चाचणी सोडणं नव्हे. मळमळीमुळे दुसऱ्या आठवड्यात गोळी थांबवलेल्या रुग्णाचाही १२व्या आठवड्याचा आकडा घ्यायचा असतो. 'ड्रॉप आऊट' असा शिक्का मारून फाइल बंद करणं ही नवख्यांची सर्वांत महाग चूक.

गहाळ आकड्याच्या जागी शेवटचा मिळालेला आकडा चिकटवायची जुनी पद्धत सोडा. तिसऱ्या आठवड्यात दुखणं ३ वर आलं, पण उलट्यांनी हैराण होऊन रुग्णाने गोळी बंद केली. जुन्या पद्धतीने तो 'यशस्वी' ठरतो. गोळी सहन न झालेला माणूस यशस्वी कसा? मिश्र प्रतिमान (मिक्स्ड मॉडेल) किंवा बहु-आरोपण (मल्टिपल इम्प्युटेशन) या गहाळ आकड्यांसाठीच्या सांख्यिकी पद्धती वापरा, आणि सोडणारे सुरुवातीच्या आकड्यावर परतले असं धरूनही एकदा निकाल टिकतो का पाहा. चिठ्ठीने ज्या गटात पडला त्याच गटात प्रत्येकाचा हिशेब होतो, गोळी घेतली असो वा नसो.

सरासरीसोबत किती जणांचं दुखणं ३० टक्के आणि किती जणांचं ५० टक्के कमी झालं हे द्या. २००१ मध्ये प्रेगॅबॅलिनच्या दहा चाचण्यांतल्या २७२४ रुग्णांचे आकडे तपासून असं दिसलं होतं की सुमारे २ गुणांची किंवा ३० टक्क्यांची घट झाली की रुग्ण स्वतःहून 'बराच फरक आहे' म्हणतो. हा निकष एका रुग्णाला लावायचा. दोन गटांच्या सरासरीत २ गुणांचा फरक नाही म्हणून औषध निरुपयोगी ठरवणं ही त्याच आकड्याची गफलत आहे, आणि ती मौखिक परीक्षेत परीक्षकही करतात.

कागदपत्रांत व्हाइटनर वापरायचा नाही. चूक एका रेघेने खोडा, खालचं वाचता आलं पाहिजे. शेजारी बरोबर आकडा, आद्याक्षरं, तारीख.

१२ आठवडे झाले की ड्युलोक्सेटीन एकदम बंद करायचं नाही. गरगरणं, चिडचिड, अंगात वीज चमकल्यासारखं होणं सुरू होतं, आणि रुग्ण समजतो की दुखणं उलटलं. दोन आठवडे ३० मिलिग्रॅम, मग बंद. झाकण टिकावं म्हणून प्लासिबोच्या गटालाही तशाच दिसणाऱ्या कॅप्सूल. १४व्या आठवड्याला एक शेवटचा फोन. संगणकातला डेटा कुलूपबंद होऊन याद्या उघडल्या की प्रत्येक रुग्णाला मराठीत एक पानाचं पत्र पाठवा: तुम्ही कोणत्या गटात होतात, एकूण काय आढळलं, आणि पुढचे उपचार करणाऱ्या डॉक्टरांना दाखवायला कोणतं औषध, किती डोस, किती दिवस. सीटीआरआयवरच्या नोंदीतही निकाल भरायचा असतो, औषधाचा उपयोग झाला नसेल तरी.